गाडीखाली पत्रा वाजतोय? सायलेन्सरची हीट शील्ड काढायची कशी आणि परत बसवायची कशी

सकाळी गाडी स्टार्ट केली की खालून स्टीलच्या डब्याचं झाकण थरथरल्यासारखा आवाज, अॅक्सिलरेटर जरा दाबला की गायब, सिग्नलला उभं राहिलं की परत सुरू आणि एसी लावला की अजून जोरात. हा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणसाला वाटतं इंजिनाचं काहीतरी गेलं, आता वीस-पंचवीस हजारांना चाट. बहुतेक वेळा तसं काही नसतं. सायलेन्सरच्या पाइपवर नाहीतर पाइप आणि गाडीच्या तळाच्या मध्ये जो पातळ पत्रा असतो ना, ज्याला हीट शील्ड म्हणतात, त्याचा एखादा बोल्ट गेलेला असतो नाहीतर बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालेलं असतं, बस. घरी करता येण्यासारखं काम आहे, पण त्यात दोन-तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात आणि एका ठिकाणी तर मी स्वतः चुकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी गाडी बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. राहते पुण्यात, पण वर्षातून तीन-चार वेळा गुहागरला जाते, म्हणजे खारी हवा, कुंभार्ली घाट आणि घाटातले खड्डे हे सगळं तिच्या नशिबात आलंच. एका गणपतीला जाताना पाटणच्या पुढे एका खड्ड्यात अशी आदळली की त्यानंतर खालून काहीतरी रस्त्याला घासत येतंय असा कर्कश आवाज सुरू झाला. पुढे रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं, तिथल्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं, टॉमी म्हणजे लोखंडी दांडा घातला, दोन हिसके दिले आणि पत्रा उपटून झुडपात फेकला. "साहेब, हे काय कामाचं नसतं, कंपनी उगाच लावते." पन्नास रुपये दिले, आवाज बंद, मी खूश. पुण्यात परत आल्यावर तीन आठवड्यांनी हँडब्रेक जड लागायला लागला, मग पूर्ण सुटेनासा झाला, मागचं एक चाक गरम. गाडी वर घेऊन बघितली तर हँडब्रेकची केबल नेमकी त्या पत्र्याच्या वरून जात होती. पत्रा गेल्यावर सायलेन्सरची सगळी धग थेट केबलवर, वरचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं आणि आतलं ग्रीस वाळून खडखडीत. नवीन केबल, मजुरी, आणि वर नवीन पत्रा तो वेगळा.

तर तेव्हापासून माझं सरळ म्हणणं आहे की सैल पत्रा जरूर काढा, पण दुरुस्त करून परत लावण्यासाठी काढा. काढून फेकायचा सल्ला देणारा माणूस तुमच्या गाडीत बसणार नसतो.

आता हा पत्रा करतो काय? बाइकच्या सायलेन्सरवर पाय भाजू नये म्हणून जाळी किंवा कव्हर असतं ते सगळ्यांना कळतं, कारण तिथे चटका आपल्याला बसतो. गाडीत तो चटका केबलला, पेट्रोलच्या पाइपला, वायरींना, रबराच्या आवरणांना आणि कार्पेटला बसतो, ते ओरडत नाहीत एवढाच फरक. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा डबा, मुळात काम करायला लागतो तोच अडीचशे-तीनशे डिग्रीच्या आसपास, आणि गाडी पळत असताना तो ४०० ते ८०० डिग्रीत असतो. एवढं गरम लोखंड गाडीच्या तळापासून वीतभर अंतरावर. ही उष्णता मुख्यतः किरणांनी येते, शेकोटीसमोर तोंड भाजतं तशी, आणि शेकोटीपुढे चकचकीत ताट आडवं धरलं की कसं लगेच बरं वाटतं, तेच काम हा पत्रा करतो. म्हणून तो चकचकीत असतो आणि म्हणूनच त्याच्या आणि पाइपच्या मध्ये थोडी हवा सोडलेली असते. ती फट महत्त्वाची, ती पुढे परत येणार आहे. आणि हो, गंज लपवायला त्याला काळा रंग मारू नका, काळा पत्रा उष्णता परतवायच्या ऐवजी पिऊन घेतो.

सैल का होतो याचं उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. पत्रा बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा. अॅल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे ४० सेंटिमीटरचा पत्रा दीडशे डिग्रीने तापला तर सव्वा मिलिमीटरच्या वर लांबतो आणि गार झाला की आखडतो. हे रोज, ऑफिसला जाताना आणि येताना, वर्षानुवर्षं. त्यात पावसाचं पाणी आणि कोकणातली खारी हवा मिळाली की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यावर बॅटरीसारखा प्रकार चालू होतो आणि त्यात नेहमी अॅल्युमिनियम खाल्लं जातं. परिणाम असा की बोल्ट जागच्या जागी घट्ट, पण त्याच्या डोक्याखालचा पत्राच गायब. हे लक्षात ठेवा, कारण दहातल्या सात-आठ वेळा मी तरी हेच बघितलंय आणि याचा इलाज सगळ्यात सोपा आहे.

पहिलं काम, आवाज खरंच पत्र्याचाच आहे का ते बघणं. गाडी पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी असलेली सकाळची गाडी सगळ्यात बेस्ट, खाली वाकून टॉर्च मारा. एखादा पत्रा लोंबतोय, एका बाजूने खाली आलाय, हे बऱ्याचदा उभ्या उभ्या दिसतं. मग हातमोजा घालून मुठीने किंवा लाकडाच्या दांडक्याने सायलेन्सरला पुढून मागे हलक्या टपल्या मारत जा. जिथे खणखण आली तिथे पत्रा हाताने दाबून धरा आणि परत टपली मारा, आवाज गेला तर चोर सापडला. गाडी चालू ठेवून खाली हात घालायचा नाही. चालू गाडीचा आवाज ऐकायचाच असेल तर दुसऱ्याला आत बसवा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि तुम्ही बाजूला उभं राहून ऐका. मी भाच्याला बसवला होता, त्याला "मामा, अजून देऊ का?" म्हणत साडेतीन हजार आरपीएमपर्यंत नेण्यातच जास्त रस होता, पत्रा मात्र दीड-दोन हजाराच्या मध्येच वाजत होता. त्या एका आरपीएमला इंजिनाची थरथर आणि पत्र्याची थरथर जुळते म्हणून तो तिथेच वाजतो, पुढे-मागे गप्प.

यात फसवणारे दोन-तीन आवाज आहेत. पत्रा आणि पाइपच्या मध्ये खडी अडकली तरी अगदी हुबेहूब हाच आवाज येतो, डांबरीकरण चाललेल्या रस्त्यावरून आला असाल तर आधी तेच बघा, कधी कधी एक खडा काढला की काम संपतं. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो त्यातलं रबर तुटलं तर आवाज येतो, पण तो धप्प असा जड असतो, स्पीड ब्रेकरवर जास्त. आणि कन्व्हर्टरच्या आतली जाळी फुटली असेल तर टपली मारल्यावर डब्यात गारगोट्या खुळखुळल्यासारखं आतून वाजतं, पत्रा दाबून धरला तरी थांबत नाही, गाडीची ओढही कमी झालेली असते. ते प्रकरण वेगळं आणि महाग, त्यात घरी काही करू नका.

पत्रे एकापेक्षा जास्त असतात हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर घेणाऱ्या बिडाच्या पाइपांवर, एक दिसतो. कन्व्हर्टरला वरून-खालून दोन अर्ध्या करवंट्यांसारखे असतात. मधल्या पाइपच्या वर, गाडीच्या तळाला लांबलचक एक चिकटलेला असतो, आणि मागच्या मोठ्या डब्याच्या वर, डिकीच्या किंवा टाकीच्या बाजूला अजून एक. यातला कुठला सैल झालाय यावर सगळं ठरतं. पेट्रोलच्या टाकीजवळचा, पेट्रोल किंवा ब्रेकच्या पाइपांजवळचा, कन्व्हर्टरच्या वरचा आणि वायरिंगजवळचा पत्रा एक दिवस सुद्धा नसून चालत नाही, तो काढलात तर तोच किंवा नवीन लावूनच गाडी बाहेर काढा. कन्व्हर्टरच्या खालच्या बाजूची करवंटी ही जमिनीकडे तोंड करून असते, वर काही जळत नाही म्हणून लोक ती बिनधास्त काढतात, पण तिचं काम खाली आहे. वाळलेल्या गवतावर गाडी लावली तर ते पेटू नये म्हणून ती असते. मार्च-एप्रिलमध्ये घाटमाथ्यावर गवतात गाडी घालणारे आणि ऊसतोड झाल्यावर शेतातल्या पाचटावर गाडी लावणारे आपल्याकडे काय कमी आहेत का. डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर तो स्वतःची काजळी जाळताना सहाशे डिग्रीच्या आसपास जातो, त्याच्या पत्र्याला हात लावायचा तर फक्त घट्ट करायला.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. मागच्या सिलिंडरपासून पुढे इंजिनापर्यंत एक बारीक स्टीलची नळी गाडीखालून गेलेली असते आणि तिच्यात सुमारे २०० बारपर्यंत प्रेशर असतं, टायरमध्ये दोन-सव्वादोन असतं त्याच्या तुलनेत विचार करा. पत्रा त्या नळीच्या जवळ असेल तर ड्रिल, ग्राइंडर, छन्नी यातलं काहीही तिथे न्यायचं नाही, पान्याने सुटलं तर सुटलं, नाहीतर सीएनजीच्या माणसाकडे जा.

आता गाडी वर घेणं. डिकीतला जॅक हा चाक बदलायला दिलेला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. यात मी काही सूट देणार नाही, अगदी "दोन मिनिटांचं काम आहे" असलं तरी नाही, कारण अपघात दोन मिनिटांच्या कामातच होतात. जॅक स्टँडची जोडी घ्या, गाडीच्या दाराखाली जिथे जॅक लावायची खूण असते तिथे ते लावा, पुढची बाजू उचलली तर मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक, पहिला गिअर. स्टेपनी काढून दाराखाली आडवी सरकवून ठेवा, काही झालंच तर गाडी तिच्यावर टेकेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हिंग ब्लॉक असतील तर त्यावर स्टँडचा पाय हळूहळू रुततो, खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका. गाडी स्टँडवर बसल्यावर खाली जायच्या आधी बाजूने दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघा, पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

एवढं सगळं नको असेल तर माझी आवडती युक्ती, वॉशिंग सेंटर. जिथे हायड्रॉलिक रॅम्प आहे अशा धुलाईवाल्याकडे दुपारच्या रिकाम्या वेळेला जायचं आणि म्हणायचं, दादा अर्धा तास गाडी वर घे, शंभर रुपये घे, धुवायची नाही. आमच्या इथला पोरगा तर स्वतः टॉर्च धरतो. फक्त गाडी चालवत गेलेलो असतो, त्यामुळे तिथे पोचून निदान दोन तास चहा-पेपर करायचा. पाइप वरून गार लागला तरी कन्व्हर्टरच्या पोटात ऊब बराच वेळ असते. आणि गरम सायलेन्सरवर पाण्याचा फवारा मारून गार करायचा शहाणपणा करू नका, जाळी चिनी मातीसारखी असते, तडकते.

सामान फार लागत नाही. बहुतेक गाड्यांना १० चा पाना चालतो, काहींना १२ चा. गोटी पाना (सॉकेट) घ्या आणि गोटी सहा कोनांची घ्या, बारा कोनांची गंजलेल्या डोक्यावरून घसरते आणि डोकं गोल करून ठेवते. तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, पक्कड, ग्रिप प्लायर, पत्रा कापायची कात्री. चामड्याचे हातमोजे हवेतच कारण गंजलेल्या पत्र्याची धार ब्लेडसारखी असते, आणि डोळ्यांवर गॉगल, उन्हाचा नाही, सुतार घालतात तो पारदर्शक. खाली झोपून वर हातोडी मारली की गंजाचा चुरा सरळ डोळ्यात पडतो, मी अनुभवाने सांगतोय, डोळ्याच्या डॉक्टरांनी कण काढताना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मास्कही घाला.

बोल्टाला पाना लावायच्या आधी तारेच्या ब्रशने आटे आणि डोकं साफ करा, मग स्प्रे मारा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडा, आदल्या रात्री एकदा मारून ठेवलात तर फारच उत्तम. स्प्रेऐवजी घासलेट किंवा पेट्रोल चोपडणारे लोक बघितलेत, कृपा करून नको. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे पाइपमध्ये घुसलेला, मागून वायर निघालेला बोल्टासारखा तुकडा, त्याच्यावर स्प्रे उडू देऊ नका आणि पत्रा ओढताना त्याची वायर सोबत ओढली जात नाही ना ते बघा. मग पाना लावून आधी जरासा घट्ट करायच्या दिशेने हिसका, तुटका आवाज येऊन गंज सुटतो, नंतर सैल करायचा. अर्धी फेरी सुटला की पाव परत आत, परत बाहेर, मध्ये अजून थोडा स्प्रे. सरळ एका दमात फिरवत गेलात तर बोल्ट मोडतो. तळाला असलेल्या पत्र्याचा बोल्ट मोडला तर फारसं बिघडत नाही, पण बिडाच्या मॅनिफोल्डवरचा बोल्ट आत मोडून राहिला तर तो काढायला ड्रिल आणि कसबी हात लागतो. म्हणून मॅनिफोल्डवर हाताला रबरासारखं लवचिक लागायला लागलं, म्हणजे पाना फिरतोय पण सुटल्यासारखा वाटत नाही, तर थांबा, बोल्ट पिळला जातोय.

तळाच्या पत्र्याला काही गाड्यांत बोल्ट नसतातच, एका खुंटीवर दात असलेली पातळ चकती दाबून बसवलेली असते. ती आटे असल्यासारखी फिरवून निघते किंवा कात्रीने कापून काढायची, तशीही ती परत वापरायची नसते. आणि आधी म्हटलं तसं भोकच एवढं मोठं झालेलं असेल की पत्रा बोल्टाच्या डोक्यावरून आरपार निघतोय, तर तो बोल्ट जबरदस्तीने सोडवू नका! सहज सुटत असेल तर सोडवा, नाहीतर पत्रा तसाच काढून घ्या.

काढताना खालचे बोल्ट आधी, वरचा एक शेवटी, आणि शेवटचा सोडताना एका हाताने पत्रा धरून ठेवा. वाकडातिकडा करून बाहेर काढावा लागतो, गिअरच्या केबल किंवा स्टिअरिंगमध्ये अडकतो, जबरदस्ती न करता जसा आला तसा फिरवत रहा, आणि निघायच्या आधी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, नंतर कुठली बाजू पुढे हे आठवत नाही. दुपदरी पत्र्याच्या मध्ये पांढरी कापसासारखी गादी दिसली तर ती उचकटत बसू नका, तिचे तंतू फुप्फुसात जायला नको. कन्व्हर्टरच्या करवंट्या वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेल्या असतील तर सैल झालेला भाग तेवढा कात्रीने कापा. ग्राइंडर नको, ठिणग्या उडतात आणि पेट्रोलची लाइन तिथूनच जाते.

पत्रा हातात आला की बघा काय गेलंय. बाकीचा धड असेल आणि फक्त भोकं खाल्ली गेली असतील तर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ६ एमएमच्या बोल्टाचे मोठे वायसर मागा, बाहेरून २५-३० एमएमचे, शक्यतो स्टेनलेसचे. भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक घालून बोल्ट कसला की वायसर धड पत्र्यावर बसतो आणि काम झालं. वीस-तीस रुपयांचा खेळ. नायलॉक नट घेऊ नका, त्यातलं नायलॉन वितळतं आणि मग तो साधा नटच उरतो. बोल्टाच्या आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावलंत तर पुढच्या वेळी स्वतःला दुवा द्याल. कसताना मनगटाचा जोर पुरे, पत्रा चेपेपर्यंत नाही, त्याला फुगायला-आखडायला जागा हवी.

खुंटीच मोडली असेल किंवा भोकाच्या जागी पत्राच नसेल तर होज क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची धातूची गोल पट्टी. पाइपच्या भोवती बसणाऱ्या पत्र्याला ही युक्ती एकदम चोख बसते. सुतळी घेऊन पत्र्यासकट पाइपला एक वेढा द्यायचा, सुतळी मोजायची, ३.१४ ने भागायचं, तो व्यास. माझा वेढा २३५ एमएम भरला म्हणजे ७५ एमएमची क्लिप. क्लिप पूर्ण स्टेनलेसची हवी, स्क्रूसकट, नाहीतर एका पावसाळ्यात स्क्रू गंजतो. कन्व्हर्टरएवढ्या मोठ्या घेराला एवढी मोठी क्लिप मिळत नाही, तेव्हा दोन क्लिपा उघडून एकमेकींत अडकवून एक मोठी करायची. पुढे एक आणि मागे एक अशा दोन लावा, स्क्रूचं तोंड खालच्या बाजूला ठेवा म्हणजे नंतर कसता येईल, पण इतकं खाली नको की स्पीड ब्रेकरला लागेल. आणि इथे ती फट आठवा, क्लिप एवढी आवळू नका की पत्रा सगळीकडून पाइपला चिकटेल. चिकटलेला पत्रा स्वतःच पाइपएवढा तापतो, मग तो असून नसून सारखाच. खणखण थांबली की अजून अर्धी फेरी, तिथे थांबायचं.

प्लास्टिकची केबल टाय लावणारे महाभाग आहेत, पाच किलोमीटर टिकते. एम-सील पण नाही चालत तिथे. स्लॅबच्या कामावरची काळी बाइंडिंग तार मात्र वेळ मारून न्यायला उत्तम, डिकीत दोन मीटर गुंडाळी असू द्या. जस्ताचा मुलामा दिलेली पांढरी तार टाळा, जस्त ४२० डिग्रीला वितळतं आणि फार तापलं तर त्याचा धूर चांगला नसतो.

पत्रा पार चाळण झाला असेल तर नवीन घ्यायचा. शोरूमच्या पार्ट काउंटरवर चासी नंबर सांगा, मॉडेल-वर्ष सांगून चुकीचा येतो कारण त्याच गाडीत अधल्यामधल्या वर्षी पाइपचा आकार बदललेला असतो. माझा नाना पेठेत एका दुकानात मिळाला, जुना पत्रा हातात घेऊन गेलो होतो, तो दाखवला आणि त्याने माळ्यावरून धूळ झटकत काढून दिला. कुठेच नाही मिळाला तर जुन्यावर पुठ्ठा ठेवून साचा कापा आणि अर्धा ते पाऊण एमएमच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून तयार करा, घरी कात्रीने कापता येतो, हाताने वाकतो. पण तो पाइपच्या वरचा, लांबचा पत्रा असेल तरच. मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरला चिकटून असणाऱ्या जागी अॅल्युमिनियम नको, ते ६६० डिग्रीला वितळतं, तिथे स्टेनलेसच.

आता रस्त्यात हे झालं तर, जसं माझं झालं. आवाज घासण्याचा असेल तर हळू करून रस्त्याच्या पूर्ण बाहेर, सपाट जागी, गवत नसेल तिथे थांबा, हॅझर्ड लाइट लावा. लगेच हात घालायचा मोह होतो, पण अर्धा-पाऊण तास तरी सोडा आणि त्यानंतरही उघड्या हाताने काही नाही, पायपुसणं किंवा जाड फडकं घेऊन. जॅक न लावता बाजूने हात पोचत असेल तरच पुढे जा. एका बाजूने लटकलेला पत्रा टॉमीने वर ढकलून बाइंडिंग तारेने पाइपलाच बांधून टाका आणि पन्नासच्या स्पीडने जवळचं गॅरेज गाठा. बांधता येत नसेल, एकाच टोकावर लोंबत असेल, तर त्या टोकाशी वर-खाली, वर-खाली वाकवत रहा, दहा-पंधरा वेळात तुटतो. तुटलेला पत्रा झुडपात फेकू नका, पेपरात गुंडाळून डिकीत टाका. एक म्हणजे मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या टायरखाली तो यायला नको, आणि दुसरं, नाना पेठेतला दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो, "जुना आणलाय का?"

सगळं बसवून झालं की हत्यारं मोजा, खाली एखादी गोटी सायलेन्सरवर राहिलेली नाही ना बघा (माझी राहिली होती, नवीन आवाज कुठून आला म्हणून अर्धा तास गेला). स्प्रे कुठे सांडला असेल तो फडक्याने पुसा. गाडी खाली घेऊन मोकळ्यावर चालू करा, बंद शटरच्या आत नाही. पहिली पाच-दहा मिनिटं थोडा धूर आणि वास येतो, तो स्प्रे आणि ग्रीस जळण्याचा, तेवढ्याने घाबरू नका, पण वीस मिनिटांनीही वास येतच राहिला किंवा प्लास्टिक जळल्यासारखा आला तर बंद करून काहीतरी पाइपला टेकलंय का बघा. एसी लावून, एसी बंद करून, दीड हजार, दोन हजार, सगळं ऐकून घ्या. आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, त्यात दोन-चार स्पीड ब्रेकर येतील असा रस्ता निवडा, आपल्याकडे तो वेगळा शोधावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीवर परत एकदा पाना लावून बघा, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर अजून एकदा. माझ्या दोन क्लिपांपैकी मागची गुहागरच्या पहिल्या फेरीनंतर पाऊण फेरी सैल झाली होती, ती कसली, त्याला आता दोन पावसाळे झाले.